पक्का लाल आणि चमचाभर अमाईल अल्कोहोल

आयुष्यात तुमच्यावर सगळ्यात मोठे उपकार कुणाचे, असं मला कुणी विचारलं, तर आईवडिलांचं नाव घेऊन झाल्यावर मी अमाईल अल्कोहोलचं नाव घेईन. नावात अल्कोहोल असलं तरी ही प्यायची गोष्ट नव्हे. बाटलीचं बूच काढलं की घसा खवखवतो, खोकल्याची उबळ येते आणि वास कपड्यांत असा मुरतो की धुऊनही जात नाही. माझं लग्न नवीन होतं तेव्हा मी रोज हा वास घेऊन घरी जायचो आणि बायको काही न बोलता माझं पान जरा लांब मांडायची. शेवटी एकदा तिला प्रयोगशाळेत आणून बाटली हुंगवली, तेव्हा कुठे आमचा संसार रुळावर आला.

बुऱ्हाणपूरच्या एका कापडगिरणीच्या प्रयोगशाळेत माझी सारी नोकरी झाली. मी लागलो तेव्हा मध्यप्रदेश नव्यानं मांडला जात होता. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही इकडेच राहिलो, आणि ज्या कचेरीत काल मराठी अर्ज चालत होता तिथे आज हिंदी अर्ज मागू लागले. वडील शाळामास्तर. ते म्हणायचे, आपण कुठे गेलो नाही, सरहद्दच उठून दुसरीकडे बसली. गिरणीतही मोठे केमिस्ट म्हणून इंदूरकडचे शर्माजी आले. माणूस कडक, पण कामात चोख. माझं मराठी वळणाचं हिंदी ऐकून ते कपाळाला हात लावायचे, आणि त्यांचं मराठी ऐकून मी खिडकीबाहेर बघायचो.

गावात दुसरी प्रयोगशाळा नसल्यामुळे आमच्याकडे गिरणीबाहेरची गिऱ्हाइकंही यायची. बहादरपूरचे एक केळीवाले पाटील विहिरीचं पाणी तपासायला घेऊन आले, तेही केसांच्या तेलाच्या बाटलीतून. पाण्याला मोगऱ्याचा वास येत होता. देडतलाईचा एक दुकानदार तुपाचा डबा घेऊन आला आणि डबा उघडायच्या आतच तूप शुद्ध असल्याचं लिहून द्या म्हणाला. एक वैद्यबुवा तर लोहभस्म घेऊन आले. त्यांना दाखला हवा होता की यात लोखंड नाही. लोक लोखंड म्हटलं की खायला घाबरतात म्हणे. मी म्हटलं, बुवा, लोखंड नसेल तर मग हे भस्म कशाचं? ते रागावून गेले ते पुन्हा आले नाहीत.

पण लोखंड शोधणं हे माझं रोजचं काम होतं, आणि त्याचं कारण लाल रंग. आमच्या गिरणीत खारवा रंगायचा. वह्यांच्या बांधणीला, गाद्यांना, बैलांच्या झुलीला लागतं ते जाड लाल कापड. झटपट लाल रंग बाजारात आले होते, तरी आमचा मालक जुन्या पक्क्या लालालाच धरून होता. त्या रंगाची रीत लांबलचक असते. आधी कापड खास तेलात बुडवायचं. एरंडेलावर गंधकाम्लाची प्रक्रिया करून ते तेल गिरणीतच बनवायचे आणि ते साबणासारखं पाण्यात मिसळायचं. मग तुरटीच्या पाण्यातून काढायचं, मग अलिझरीनच्या रंगात उकळायचं. मंजिष्ठेच्या मुळात असतो तोच हा रंग, फक्त कारखान्यात बनवलेला. तुरटीतला अ‍ॅल्युमिनियम धातू कापडाला आणि रंगाला एकमेकांशी बांधून ठेवतो आणि लाल उठतो. पण त्यात चिमूटभर जरी लोखंड शिरलं तरी अलिझरीन त्यालाच चिकटतं, आणि लालाचा वाळलेल्या रक्तासारखा तपकिरी होतो. मग कापड कितीही धुवा, परत लाल होत नाही.

आमचे रंगमास्तर एकनाथदादा भावसार. पिढीजात रंगारी. रंगखात्यात त्यांनी लोखंडाला दाराबाहेर ठेवलं होतं. पिंपं लाकडाची, खुंट्या लाकडाच्या, ढवळायचे दांडे बांबूचे. हातात लोखंडी कडं असलेल्या माणसाला ते आत येऊ देत नसत. एकदा मालकाच्या जावयाला त्यांनी बुटाची नाल बघून उंबऱ्यावरच थांबवलं होतं. रंग कसा बघायचा हे मला त्यांनीच शिकवलं. दिव्याखाली बघू नका, उत्तरेच्या खिडकीत बघा, आणि एकदाच बघा. जास्त वेळ बघितलं की डोळा होकार देऊ लागतो, असं ते म्हणायचे. पुस्तकात मला हे कुठे सापडलं नाही, आणि नोकरीभर मी त्याच खिडकीत उभा राहिलो.

त्या वर्षी आषाढापासून दादांच्या मागे काही ना काही लागलं होतं. आधी वहिनी अंथरुणाला खिळल्या. त्या जरा हिंडूफिरू लागल्या, तोवर इकडे रंग बिघडायला लागला. आधी थोडा मळकट, मग काळपट, आणि दसरा जवळ आला तोवर खारवा चक्क विटकरी निघू लागला. व्यापाऱ्यांनी माल परत पाठवला. मॅनेजरसाहेबांनी शर्माजींना विचारलं, शर्माजींनी दादांना विचारलं, आणि दादांनी सगळी पिंपं पुन्हा घासून घेतली. नवीन राज्यात गिऱ्हाईक टिकवायचं म्हणून मॅनेजरसाहेब आधीच चिडलेले. त्यांनी सांगून टाकलं, मास्तर म्हातारे झाले, नजर गेली. शनिवारपर्यंत कारण सापडलं नाही तर त्यांना घरी बसवा.

घरी बसवणं म्हणजे नुसती नोकरी जाणं नव्हे. लाल नासवला म्हणून काढलेल्या रंगाऱ्याला दुसरी कुठलीच गिरणी पिंपाजवळ उभं करत नाही. भावसारांच्या आळीत तर ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली असती. दादा रोजच्यासारखे पिंपाजवळ उभे राहत. मला मात्र रात्रीचं जेवण गोड लागेना.

लोखंडाची तपासणी तशी साधी. पाण्यात लोखंड असेल तर त्यात थायोसायनेट नावाचं मीठ टाकलं की पाणी लाल होतं. लोखंड फार थोडं असेल तर हा लाल डोळ्याला नीट दिसत नाही. म्हणून मग तो एका जागी गोळा करायचा. तोटीच्या फनेलमध्ये पाण्यावर बेंझिन ओतायचं आणि हलवायचं. बेंझिन वर, पाणी खाली. पण गंमत अशी की लोखंड मुळात पाण्यातला प्राणी. नुसत्या बेंझिनमध्ये ते जायला तयार नसतं. तिथे त्याच्या ओळखीचं कुणी नाही. त्यात थोडं अमाईल अल्कोहोल मिसळलं की काम होतं. त्याचं एक टोक पाण्याच्या बाजूचं, दुसरं तेलाच्या बाजूचं. नवी नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा पाठराखीण सोबत जाते ना, तसं हे अल्कोहोल लोखंडाला हाताला धरून वरच्या थरात नेतं, आणि तो थर लाल होतो. लाल किती गडद, यावरून लोखंड किती ते कळतं. पुढे मोठमोठ्या कारखान्यांत तांबं, युरेनियम काढताना अशीच अल्कोहोलं लागतात असं वाचलं, तेव्हा मला घरच्याच माणसाचं नाव छापून आल्यासारखं वाटलं.

मी सगळं तपासलं. पाणी स्वच्छ, तुरटी स्वच्छ, रंगाची भुकटी स्वच्छ. राहिलं फक्त तेल. आणि तेल काही तपासू देईना. ते साबणासारखं, त्यामुळे फनेल हलवली की सगळं दुधासारखं पांढरं व्हायचं आणि वेगळं होण्याचं नावच घ्यायचं नाही. बेंझिन कुठे, पाणी कुठे, काही कळेना. अर्धा दिवस ठेवलं तरी तसंच. मीठ घातलं, कोमट केलं, तरी दूध ते दूधच. शर्माजी म्हणाले, तेल की जाँच नहीं हो सकती, पुस्तक में भी यही लिखा है, छोड़ो.

आमच्याजवळचं अमाईल अल्कोहोल तळाला आलं होतं. होतं तेवढं मी थेंबाथेंबानं वापरत होतो. एकदा चिडून उरलेलं सगळंच त्या दुधात ओतलं, आणि दूध जरा फाटल्यासारखं झालं. वर एक बारीक थर आला, पण रंग सांगता येईल इतका नव्हता. माझ्या लक्षात आलं की अल्कोहोल इथे दोन कामं करतंय. लोखंडाला वर नेतंय, आणि तेलाच्या थेंबांनी धरलेला हट्टही मोडतंय. फक्त ते जास्त हवं होतं, आणि बाटली रिकामी झाली होती.

नवी बाटली मुंबईहून निघाली होती, पण ती भुसावळला अडकली. भुसावळ मुंबई राज्यात, तिकडे दारूबंदी. खोक्यावर अल्कोहोल असं लिहिलेलं बघून तिथल्या माणसांनी ते ठेवून घेतलं. मी स्टेशनावरून निरोप पाठवले, हे पिणारा माणूस दुसऱ्या दिवशी कामावर येणार नाही असंही कळवलं. उत्तर आलं की त्यासाठीच तर बंदी आहे.

मग मी सायकल काढली आणि गावाबाहेरच्या दारूभट्टीवर गेलो. आमच्या राज्यात बंदी नव्हती. दारू गाळताना शेवटी शेवटी एक तेलकट, घाण वासाचा भाग येतो, भट्टीवाले तो बाजूला काढतात. अमाईल अल्कोहोल येतं तेच मुळी त्या भागातून. भट्टीचे व्यवस्थापक आमच्या शेजारच्या गल्लीतले. दारू सोडून गाळ मागणारं गिऱ्हाईक त्यांनी पहिल्यांदाच बघितलं. दीक्षित मास्तरांचा मुलगा इथवर आला, असं वाटून त्यांचा चेहराच उतरला. मी कारण सांगितलं तेव्हा त्यांनी हसत हसत एक बरणी भरून दिली आणि वडिलांना सांगणार नाही असंही म्हणाले, जणू काही सांगण्यासारखं होतं.

तो गाळ मी मिठाच्या पाण्यानं धुतला, काचेच्या उपकरणात पुन्हा गाळला, उकळीच्या हव्या त्या टप्प्यावर येणारा भाग तेवढा धरला. प्रयोगशाळेच्या खिडक्या सताड उघड्या ठेवूनही सूतखात्यातली माणसं नाकाला धोतराचा सोगा लावून जात होती. शुक्रवारी दुपारी माझ्यापुढे घरी बनवलेलं अमाईल अल्कोहोल तयार होतं.

तेलाचा नमुना घेतला, त्यात आम्लाचे थेंब टाकले, थायोसायनेट टाकलं, बेंझिन ओतलं आणि हलवलं. नेहमीचं दूध झालं. मग चमचाभर अल्कोहोल सोडलं, अगदी हळू फिरवलं आणि फनेल कडीत अडकवली. बघता बघता दूध मध्ये दुभंगलं. खाली पांढुरका थर, आणि वर लालभडक. इतका लाल मी त्या महिन्यात रंगखात्यातही पाहिला नव्हता.

शर्माजींनी चष्मा पुसला. म्हणाले, हे लोखंड तुमच्या भट्टीच्या मालातलं कशावरून नाही? प्रश्न रास्त होता आणि मला तो आवडला. आमच्या धंद्यात याला कोरी चाचणी म्हणतात; सगळं तेच घ्यायचं, फक्त नमुना सोडून. ती केली, वरचा थर बिनरंगी. मग कोठारातलं ताजं तेल, वापरायच्या टाकीत न पडलेलं, ते घेऊन केली. तोही बिनरंगी. म्हणजे तेल बनतं तेव्हा स्वच्छ असतं, आणि तेलकोठीतल्या टाकीत गेलं की लोखंड येतं. टाकी लाकडाची, बांधणीत कुठेही खिळा नाही.

शनिवारी सकाळी मॅनेजरसाहेब, शर्माजी, दादा आणि मी तेलकोठीत गेलो. तेलकोठी सांभाळायचा नामदेव महाजन. बहादरपूरचा माणूस, अंगानं दांडगा, बोलायला कमी. दादांनीच त्याला गिरणीत लावलं होतं. त्यानं आम्हाला बघितलं आणि टाकी रिकामी करायला सांगितल्यावर तो जागचा हललाच नाही. दुसऱ्यांनी तोटी उघडली. तेल उतरत गेलं आणि तळ दिसला.

तळाशी खिळे होते. कितीतरी. काही अजून खिळ्यासारखे, काही झिजून सुईसारखे बारीक झालेले. प्रत्येकाला काळा दोरा गुंडाळलेला.

मॅनेजरसाहेबांनी हे कुणी केलं म्हणून विचारलं. तेवढ्यात दादा पुढे झाले. त्यांनी वाकून एक खिळा उचलला, दोरा बघितला, मग नामदेवाकडे बघितलं. त्यांना काय कळलं ते आम्हाला तेव्हा कळलं नाही.

"खिळे माझ्या नावानं पडलेत साहेब," दादा म्हणाले. "माझेच समजा."

ज्यासाठी मी आठवडाभर घाणीत हात घातला होता, ते त्यांनी एका वाक्यात घालवलं होतं. मॅनेजरसाहेब काही बोलणार तोच नामदेव खाली बसला आणि त्याला रडू फुटलं.

"दादा खोटं बोलू राहिले साहेब. दादाले साडेसाती लागेल व्हती. वहिनी मरूमरू झाल्या, तरी हा मानूस शनीले तेल वाहायले तयार नाही. मंग म्या त्याच्या नावानं दर शनवारी तेलात एक खिया टाकला. शनीले तेल लागते, लोखंड लागते. तेल तं इथं व्हतंच."

मग हळूहळू सगळं उलगडलं. पहिला खिळा पडला आणि योगायोगानं वहिनींना उतार पडला. नामदेवाचा विश्वास बसला. पुढे रंग बिघडायला लागला. लोक म्हणाले, दादांची साडेसाती आता कामावर आली. मग नामदेव शनिवारची वाट न बघता खिळे टाकू लागला. रंग जितका काळवंडे तितके खिळे जास्त, आणि खिळे जितके जास्त तितका रंग काळा. लोखंडानं लाल मरतो हे त्याला ठाऊक होतं. पण ती बंदी रंगखात्याची, तेलकोठीची नव्हे, असं तो समजत होता. आणि देवाच्या नावानं टाकलेलं लोखंड वाईट करील, हे तर त्याच्या मनातही आलं नव्हतं.

शर्माजींनी टाकीत वाकून बघितलं. मग म्हणाले, "दीक्षित, रिपोर्ट में शनि का खाना नहीं होता. लिखो, टंकी में बाहर का लोहा मिला, टंकी बदली गयी." इतकं बोलून ते मॅनेजरसाहेबांना हाताला धरून बाहेर घेऊन गेले. त्यांच्यात काय बोलणं झालं ते मला कधीच कळलं नाही. दादांना कुणी घरी बसवलं नाही. नामदेवाला तेलकोठीतून काढून कापड वाळवायच्या मैदानावर पाठवलं, उघड्या हवेत. शर्माजींचं मराठी त्या दिवसापासून मला बरं वाटू लागलं. आज ते नाहीत. त्यांना हे कधी सांगितलं नाही याची रुखरुख आहे, आणि आपल्या माणसांना सांगायच्या गोष्टी आपण नेहमीच फार उशिरा सांगतो.

टाकी बदलली, नवं तेल भरलं. पहिलं कापड रंगाच्या उकळीतून निघालं तेव्हा दादांनी त्याचा एक पट्टा कापून घेतला आणि उत्तरेच्या खिडकीत धरला. एकदाच बघितलं. मग तो पट्टा घेऊन ते मैदानावर गेले. मीही मागोमाग गेलो. नामदेव लांब, दोरीच्या टोकाला उभा होता. दादांना येताना बघून त्यानं मान खाली घातली. आता शिव्या बसणार, असं त्यालाही वाटलं आणि मलाही. दादा रंगाच्या बाबतीत कुणाची गय करत नसत.

दादांनी तो लाल पट्टा त्याच्या खांद्यावर टाकला.

"नामा," ते म्हणाले, "मी मेलो तर रडायले माझी बायको अन् पोरं, इतकेच जण मी धरले व्हते. तुह्या खियांनी सांगितलं का अजून एक मानूस हाय. आता शनवारी नदीच्या राजघाटावर शनीजवळ तू अन् मी दोघं जाऊ. तेल मी घेईन, खिया तू घे."